वाचक विचारतात : घड्याळ, खांदा आणि खोकल्याचं औषध

आंतरराष्ट्रीय पातळीवरची पोहण्याची कारकीर्द कशी घडते आणि कुठे अडते, याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं मुलांपेक्षा पालकांचीच जास्त आहेत, त्यामुळे उत्तरंही बरीचशी त्यांनाच उद्देशून आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी बारा वर्षांची आहे. क्लबच्या २५ मीटरच्या तलावात ५० मीटर फ्रीस्टाइल ३० सेकंदांत जाते. प्रशिक्षक म्हणतात, ‘ऑलिम्पिक मटेरियल’ आहे. हे कितपत मनावर घ्यायचं? — एक पालक, नाशिक

टायमिंग चांगलं आहे, पण ते पंचवीसच्या तलावातलं आहे. तिथे पन्नास मीटरच्या शर्यतीत मध्ये एक टर्न येतो. भिंतीला पाय लावून सुटताना मिळणारा वेग हात-पाय मारून कधीच मिळत नाही. तीच मुलगी पन्नासच्या तलावात उतरली की साधारण अर्धा ते एक सेकंद जास्त घेते आणि शेवटच्या पंधरा मीटरांत हात जड होतात. ऑलिम्पिकच्या पात्रतेला मात्र पन्नासच्या तलावातलीच वेळ लागते, तीही जलतरणाच्या जागतिक संघटनेने म्हणजे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सने मान्यता दिलेल्या स्पर्धेतली. पॅरिस २०२४ साठी महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलची पात्रता वेळ २४.७० सेकंद होती. त्या वेळेत जाणारी मुलगी भिंतीला हात लावेल तेव्हा तुमची लेक नऊ-दहा मीटर मागे असेल. बाराव्या वर्षी त्यात काही गैर नाही. अंतर किती आहे हे माहीत असावं, एवढंच.

वेगवेगळ्या शर्यतींमधली प्रगती एकाच फूटपट्टीने मोजायची असेल तर वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचे गुण वापरा. विश्वविक्रमाच्या वेळेला आपल्या वेळेने भागायचं, आलेल्या आकड्याचा घन करायचा आणि १००० ने गुणायचं. स्वीडनच्या सारा स्योस्ट्रॉमने २०२३ मध्ये फुकुओकात केलेला २३.६१ चा विक्रम आधार धरला, तर तुमच्या लेकीला पन्नासच्या तलावात लागतील त्या अंदाजे ३०.८० सेकंदांचे ४५० गुण होतात आणि २४.७० चे ८७३. दर सहा महिन्यांनी ५० फ्रीस्टाइल, २०० मिडले (चारही स्ट्रोक एकाच शर्यतीत) आणि ४०० फ्रीस्टाइल या तिन्हींचे गुण काढून वहीत लिहा. फक्त पन्नासचेच गुण वाढत असतील आणि बाकीचे जागच्या जागी असतील, तर मुलगी उंचीच्या जोरावर पुढे जाते आहे. मैत्रिणीही वाढल्या की ती आघाडी संपते. या वयात एकच स्ट्रोक, एकच अंतर धरून बसू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पात्रतेचं गणितही थोडक्यात सांगतो, कारण ते चार पत्रांत विचारलं आहे. पात्रता वेळ गाठली की थेट प्रवेश, मात्र एका देशाचे एका शर्यतीत जास्तीत जास्त दोघे. त्याहून अर्ध्या टक्क्याने सैल असलेली दुसरी वेळ गाठणारा फक्त रांगेत उभा राहतो. जागा उरल्या तर बोलावणं येतं. देशाचा एकही जलतरणपटू पात्र ठरला नाही, तर गुणांनी सर्वांत वर असलेला एक मुलगा आणि एक मुलगी ‘युनिव्हर्सॅलिटी’ जागेवर जाऊ शकतात. त्यासाठी जागतिक स्पर्धेत उतरल्याची नोंद लागते. पॅरिसला श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू या वाटेने गेले. थेट पात्रता गाठणारा पहिला भारतीय साजन प्रकाश. जून २०२१ मध्ये रोमच्या सेत्ते कोल्ली स्पर्धेत त्याने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पूर्ण केली. हवे होते १:५६.४८. त्याच स्पर्धेत श्रीहरीने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ नोंदवले, हवे होते ५३.८५. एवढ्या वर्षांची मेहनत दहा आणि आठ शतांश सेकंदांच्या फटीतून आत शिरली.

मी चौदा वर्षांचा आहे. जिल्हा स्पर्धेत १०० ब्रेस्टस्ट्रोकला पहिला आलो, पण मला डिस्क्वालिफाय केलं. कारण नुसतं ‘टर्न’ असं सांगितलं. माझं नक्की काय चुकलं असेल? — कोल्हापूर

ब्रेस्टस्ट्रोकच्या टर्नमध्ये चुकायला चार जागा आहेत. मोबाइलवर बाजूने आणि भिंतीच्या वरून असे दोन व्हिडिओ काढून घे आणि या क्रमाने तपास.

पहिली जागा म्हणजे टच. दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत आणि एकमेकांपासून सुटे असले पाहिजेत. एका हातावर दुसरा हात ठेवून भिंतीला लावलास तर वेळ एक असूनही तू बाद. हात एकाच उंचीवर असण्याची मात्र गरज नाही. दमल्यावर ज्या खांद्याकडे शरीर झुकतं, तो हात आधी पोचतो. म्हणून ही चूक शेवटच्या टर्नला आणि फिनिशला जास्त दिसते.

दुसरी जागा भिंत सोडल्यानंतरचा पुल-आउट. इथे एकदाच हात थेट मांड्यांपर्यंत ओढता येतात आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी बटरफ्लायची एकच किक चालते. दुसरी छोटीशी लाटही पंचांना दिसते. पुष्कळ मुलांच्या पायांना हात ओढताना नकळत एक आणि हात परत पुढे नेताना दुसरी अशी सवय लागलेली असते.

तिसरी, डोकं वर येण्याची वेळ. दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात सर्वांत रुंद होऊन आत वळायच्या आधी डोकं पाण्याबाहेर आलं पाहिजे. जास्त ग्लाइड करायच्या मोहात हे राहून जातं.

चौथी, किक. पाय बाहेर वळलेले हवेत. एक पाऊल बाहेर आणि दुसरं सरळ राहिलं, तर त्याला ‘सिझर किक’ म्हणतात. घोट्याची लवचिकता एका बाजूला कमी असली की हे होतं.

सरावात प्रत्येक टर्न स्पर्धेसारखाच मारायचा. रोज दोन-तीनशे टर्न एका हाताने उरकायचे आणि स्पर्धेच्या दिवशी दोन्ही हात लागतील अशी आशा करायची, हे चालत नाही. निर्णय पटला नाही तर तुझ्या संघव्यवस्थापकाने शर्यत संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत, अनामत रकमेसह लेखी हरकत रेफरीकडे द्यावी लागते. तीस मिनिटं उलटली की विषय संपला.

आशियाई स्पर्धेत एका शतांश सेकंदाने पदक जातं आणि दुसरीकडे दोघांना मिळून सुवर्ण देतात. घड्याळ सहस्रांश का मोजत नाही? — पणजी

घड्याळ मोजू शकतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला ४०० मिडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सनला अमेरिकेच्या टिम मॅकीवर दोन सहस्रांश सेकंदांनी सुवर्ण मिळालं. त्यानंतर नियम बदलला आणि निकाल शतांशापुरताच धरू लागले. कारण तलाव बांधणीतलं आहे. ५० मीटर फ्रीस्टाइलचा पोहणारा सेकंदाला सुमारे २.२ मीटर जातो, म्हणजे एका सहस्रांशात २ मिलिमीटर. तलावाच्या लांबीत लेनगणिक त्याहून जास्त फरक नियमानेच चालतो. मग तो निकाल माणसाचा की गवंड्याचा? म्हणून २०१६ मध्ये रिओत १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्स, ल क्लोस आणि चेह हे तिघेही ५१.१४ ला आले आणि तिघांना रौप्य मिळालं.

तुम्ही ज्या शतांशाविषयी लिहिता ती शर्यत २०१८ ची जकार्ताची. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० फ्रीस्टाइलमध्ये २२.४७ नोंदवले, कांस्य २२.४६ ला गेलं. पाण्यात हे अंतर साधारण दोन सेंटिमीटर होतं. घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या टचपॅडवर बोटं सरळ आणि ताठ लावायची की तळवा टेकवायचा, शेवटचा स्ट्रोक अर्धा घ्यायचा की हात लांबवून वाट पाहायची, हे प्रशिक्षक वेगळं का घोटून घेतात, ते यावरून कळेल.

मुलगा पंधरा वर्षांचा, रोज दोन वेळा पोहतो. उजवा खांदा दुखतो. प्रशिक्षक म्हणतात, ‘सगळ्यांचाच दुखतो.’ — ठाणे

सगळ्यांचा दुखतो हे खरं असलं तरी दुखणं चालवून घ्यावं असा त्याचा अर्थ होत नाही. पन्नास मीटरला चाळीस हात धरले तर पाच किलोमीटरच्या एका सत्रात चार हजार, म्हणजे प्रत्येक खांद्याला दोन हजार फेरे. दोन सत्रं म्हणजे चार हजार. एवढ्या फेऱ्यांत हाताची एक छोटी चूक चार हजार वेळा होते.

आधी तंत्र पाहा. हात पाण्यात शिरताना अंगठा खाली आणि तळवा बाहेर असेल तर खांदा आतल्या बाजूने पिळला जातो. बोटांची टोकं आधी आणि तळवा खाली असा हात शिरायला हवा. हात डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जात असेल तरी तेच होतं. फक्त डाव्या बाजूला श्वास घेणाऱ्याचा उजवा खांदा दुखतो असं बरेचदा आढळतं, कारण डोकं वळलेलं असताना पुढचा हात शरीराचा भार घेऊन खाली दबतो. सरावात तरी दर तिसऱ्या हाताला श्वास घ्यायला लावा, म्हणजे बाजू आपोआप बदलते.

दुसरी गोष्ट पॅडल्स, म्हणजे तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. ती तळव्यापेक्षा जेमतेम मोठी असावीत. मनगटाचा पट्टा काढून टाका, फक्त मधल्या बोटाचा ठेवा. हात चुकीचा शिरला की पॅडल सुटून जातं; यापेक्षा चांगला शिक्षक नाही. खांदा दुखत असताना पॅडल्स पूर्ण बंद.

तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. ‘आज हात दुखतोय, नुसती किक मार’ असं सांगून मुलाच्या हातात किकबोर्ड देतात. हात पुढे ताणून बोर्डवर भार टाकला की दुखरा खांदा नेमका त्याच अवस्थेत अडकून राहतो. बोर्डशिवाय, हात शरीराच्या बाजूला ठेवून किंवा पाठीवर किक मारू द्या.

कोरड्यावरचा व्यायाम रबर बँडचा. कोपर बरगडीशी, मध्ये छोट्या टॉवेलची गुंडाळी, कोपर काटकोनात, आणि हात बाहेरच्या दिशेला. पंधराचे तीन सेट, परत येताना दुप्पट सावकाश. गुंडाळी पडली तर तो फेरा धरायचा नाही. पोहण्याने छातीचे आणि खांदा आत वळवणारे स्नायू दांडगे होतात; त्यांना तोलणारे मागचे स्नायू मात्र तसेच राहतात. व्यायामाचा उद्देश तो तोल सांभाळणं हा आहे.

रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर नेताना मध्येच अडकत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर पोहणं थांबवून खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू देऊ नका. दुखणं झाकलं जातं आणि फेरे चालूच राहतात.

रेसिंग सूट तीस-चाळीस हजारांना सांगतात. घ्यावा का? — छत्रपती संभाजीनगर

चौदाच्या आतल्या मुलांसाठी नको. त्या पैशात वर्षभराचा स्पर्धांचा प्रवास निघतो.

मोठ्यांसाठी थोडं सविस्तर. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनच्या सूटनी धुमाकूळ घातला. एकट्या २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून फक्त कापडी सूट चालतो. मुलांचा बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, मुलींचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. एकावर एक दोन सूट घालता येत नाहीत. मागे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या मान्यतेची खूण असते ती पाहूनच घ्या. सेकंडहँड घेताना ती पुसट झालेली असेल तर कॉलरूममध्ये (शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात त्या खोलीत) वाद होतो.

सूट घालायला पंधरा-वीस मिनिटं धरा. अंग पूर्ण कोरडं, नखं कापलेली, अंगठी काढलेली. पायात प्लास्टिकची पिशवी घातली की कापड घोट्यावरून सरकतं. मांडीपर्यंत आल्यावर नखांनी न ओढता बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर चढवायचं. सूट फाटतो तो बहुधा इथेच, कंबरेजवळच्या शिवणीवर. शर्यत झाली की साध्या गार पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. साबण, पिळणं, ड्रायर नको. सरावाला कधीच नाही, आणि हीटपेक्षा (प्राथमिक फेरीपेक्षा) फायनलसाठी राखलेला बरा.

मुलगी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार आहे. डोपिंगबद्दल पालकांनी काय पाहायचं? — पुणे, नागपूर आणि इतर तीन पत्रं

सर्वांत आधी घरातलं खोकल्याचं औषध पाहा. आपल्याकडच्या अनेक कफ सिरपमध्ये टर्ब्युटॅलिन असतं आणि ते वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी असलेलं आहे. बाटलीच्या पुढच्या नावावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. स्पर्धेच्या काळात लघवीत त्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की गुन्हा. ‘स्पर्धेचा काळ’ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो, त्यामुळे आदल्या दिवशी घेतलेली गोळीही अंगलट येऊ शकते. शंका आली तर नाडा या भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युअर मेडिसिन’ अ‍ॅपवर घटक तपासा. दमा असेल तर इनहेलर कोणता, डोस किती, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. गरज पडेल तिथे उपचारासाठीची सवलत आधीच मागावी लागते.

‘मला माहीत नव्हतं’ या बचावाने निर्दोष सुटता येत नाही. अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, मग औषध डॉक्टरांनी दिलेलं असो की आजीने. प्रोटीन पावडरचे डबे तर आम्ही कोणालाच सुचवत नाही. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे खाणाऱ्या मुलीला त्याची गरज क्वचितच असते आणि डब्यात लेबलावर नसलेलं काय आहे ते सांगता येत नाही.

चाचणीला बोलावलं तर मुलगी अल्पवयीन आहे म्हणून तिच्यासोबत एक मोठं माणूस राहू शकतं. तुमच्यापैकी कोणी नसेल तर कोण जाईल ते आधी ठरवा. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. घाबरून दोन लिटर पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते आणि पुन्हा नमुना द्यावा लागतो, मग बस चुकते. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली सगळी औषधं लिहायची, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा.

पुढे नाव नोंदणीकृत चाचणी गटात गेलं, तर रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास आणि जागा आगाऊ कळवावी लागते. बारा महिन्यांत तीन वेळा गैरहजेरी किंवा चुकीची माहिती भरली, तर काहीही न घेता बंदी येते. सरावाचा तलाव पहाटे अचानक बंद असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, म्हणून तास घरचा पत्ता आणि उठायच्या आधीची वेळ असा द्यावा. निरस ठरला तरी तो सर्वांत सुरक्षित असतो.

बारावीनंतर अमेरिकेत शिष्यवृत्तीवर जावं का? — डोंबिवली

वेळा असतील तर जरूर विचार करा. जोसेफ स्कूलिंग टेक्सस विद्यापीठात असतानाच २०१६ ला ५०.३९ ने सिंगापूरचा पहिला ऑलिम्पिक विजेता झाला. शिक्षण आणि सराव एकाच वेळापत्रकात बसतात, हा मोठा फायदा. मात्र तिथला कॉलेजचा हंगाम २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात चालतो. टर्न आणि पाण्याखालची किक कच्ची असलेला मुलगा तिथे मागे पडतो, आणि उन्हाळ्यात पन्नासच्या तलावात परतल्यावर पुन्हा दम साधायला काही आठवडे लागतात. तिथल्या कॉलेज क्रीडेतल्या पहिल्या विभागातल्या (डिव्हिजन वन) प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलांशी थेट बोलता येतं. तुम्ही बारावीचा निकाल लागल्यावर पत्र पाठवलंत तर जागा भरलेल्या असतात. ईमेलमध्ये पन्नासच्या तलावातल्या वेळा, स्पर्धेचं नाव, तारीख, उंची, गुणपत्रिका आणि एका शर्यतीचा न कापलेला व्हिडिओ. पदकांचे फोटो नकोत.

मुलगी अठराची झाली, अजून आंतरराष्ट्रीय पदक नाही. थांबवावं का? नोकरीचं काय? — सांगली

अठरा हे थांबायचं वय नाही, शर्यत बदलायचं असू शकतं. स्योस्ट्रॉम २००८ ला बीजिंगला उतरली तेव्हा चौदाची होती. रिओत २०० फ्रीस्टाइलचं रौप्य आणि १०० बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं, पुढे अंतरं कमी करत आणली आणि पॅरिसला तिशीत ५० आणि १०० फ्रीस्टाइल दोन्ही जिंकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फावर घसरून तिचं कोपर मोडलं होतं, हेही त्यातच. लॉस एंजेलिस २०२८ पासून बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्याही ५० मीटर शर्यती ऑलिम्पिकमध्ये आल्या आहेत. आजवर या तीन स्ट्रोकचे स्प्रिंटर ऑलिम्पिकसाठी शंभरकडे ओढले जात. आता त्यांना स्वतःची जागा आहे. वीरधवलने २०१० मध्ये ग्वांगझूला ५० बटरफ्लायमध्येच कांस्य मिळवलं, १९८६ मधल्या खजान सिंग यांच्या रौप्यानंतरचं भारताचं आशियाई जलतरणातलं ते पहिलं पदक. पुढे तो तहसीलदार झाला, नोकरी सांभाळून पुन्हा पाण्यात आला आणि २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेनंतर थांबला.

नोकरीसाठी राज्य शासनात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते प्रमाणपत्राची पडताळणी झाली तरच कामाला येतं. पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते आणि जाहिरात निघाल्यावर तिथे गर्दी उसळते. म्हणून आत्ताच मूळ प्रमाणपत्रं, स्पर्धेचे छापील निकाल आणि प्रवेशिकेच्या प्रती एका फाइलमध्ये लावा. प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या दाखल्याशी अक्षरशः जुळतं का ते पाहा. वडिलांचं नाव गाळलेलं किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर संघटनेकडून दुरुस्ती लगेच करून घ्या. चार वर्षांनी तिथले पदाधिकारी बदललेले असतात आणि जुनी नोंदवही कोणाच्या कपाटात आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.